न्यूपोर्टची गिटार : एका वाद्याच्या खरेदीचा इतिहास

६ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्क शहरातील ख्रिस्टीज ह्या लिलावगृहात एक जुनी विजेची गिटार विक्रीस निघाली. तिला तीन ते पाच लाख डॉलर येतील असा लिलावगृहाचा अदमास होता. प्रत्यक्षात दलालीसह ९ लाख ६५ हजार डॉलर आले. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे सहा कोटी रुपये होते. ही गिटार सोन्याची नव्हती, तिला हिरेमाणके जडवलेली नव्हती. एका कारखान्यात इतर अनेक गिटारींबरोबर तयार झालेली, पेटीत घालून दुकानात धाडलेली अशी ती एक गिटार. त्याच साली, त्याच कारखान्यात, त्याच हातांनी घडलेली तिची बहीण ह्याच्या फार लहान अंशात मिळाली असती. मग खरेदीदाराने विकत घेतले ते काय? लाकूड, तारा आणि तांबे, की आणखी काही?

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. पण वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा माणसांच्या इतिहासापेक्षा अधिक सरळ बोलतो. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. वस्तू पाहिली की ती कोणी केली, कोणी वापरली आणि पैसा कोणाच्या हाती गेला, हे तीन प्रश्न आम्हांस आपोआप सुचतात. तेच ह्या गिटारीला विचारावेत, असा आमचा आजचा बेत आहे.

प्रथम हे वाद्य झाले कसे, ते पाहू. गिटारीचा मूळ आवाज बेताचा. दिवाणखान्यात चार माणसांना तो गोड वाटतो. पण १९२०-३० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यगृहांत दहा-बारा तुताऱ्या व सॅक्सोफोन घेऊन वाद्यवृंद वाजू लागले, तेव्हा बिचारा गिटारवाला वाजवतो आहे हे दिसे, ऐकू येत नसे. उपाय विजेने दिला. मायकेल फॅरेडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले होते, की तांब्याच्या वेटोळ्यापाशी चुंबकीय क्षेत्र हलले की तारेत वीज वाहते. गिटारीच्या पोलादी तारांखाली चुंबक ठेवावे, त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळावी. तार थरथरली की तिची थरथर विजेत उतरते, आणि ती वीज ध्वनिवर्धकातून मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडते. ह्या वेटोळ्याला पिकप म्हणतात. जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३२ च्या सुमारास लॉस एंजलिस येथे अशी गिटार विक्रीस आणली. आकार तव्यासारखा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. बीचम ह्यांनी १९३४ साली पेटंट मागितले, ते १९३७ साली मिळाले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची होती. तिच्याच जातीचे वाद्य पुढे आपल्याकडेही आले; मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील व्हॅन शिपले ह्यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजवून ती ध्वनिमुद्रिकांवाटे घरोघर पोचवली, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल.

आमची गिटार मात्र ह्या तव्याची नात म्हणावी अशी. तिचे जातिनाम स्ट्रॅटोकास्टर. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षण हिशेबनीसाचे, मंदीच्या काळात नोकऱ्या गेल्या, म्हणून १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. गंमत अशी, की ज्यांच्या नावाची गिटार जगभर वाजते त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण वादकांचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याचा गुण त्यांच्याकडे होता. पोकळ गिटार विजेवर लावली की घूं घूं करते, म्हणून त्यांनी भरीव लाकडाची केली. मान मोडली की सारे वाद्य फुकट जाते, म्हणून मान वेगळी करून स्क्रूने बसवली. सायकलीचे चाक बदलावे तशी तिची मान बदलता येते. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली, तेव्हा थरथर देणाऱ्या दांडीसकट तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती.

स्क्रूने बसवलेली मान ही केवळ वादकाची सोय नव्हती; तीत कारखानदाराचीही सोय होती. जुन्या पद्धतीचा कारागीर एक वाद्य आरंभापासून शेवटपर्यंत घडवी. फेंडर ह्यांच्या कारखान्यात एकाने माना घासायच्या, दुसऱ्याने धड कापायचे, तिसरीने वेटोळी गुंडाळायची, चौथीने डाग लावून तारा जोडायच्या, अशी कामाची वाटणी झाली. ह्या कामकऱ्यांत मेक्सिकन वंशाचे स्त्रीपुरुष पुष्कळ होते. टाडिओ गोमेझ नावाचा कामगार माना घडवी आणि मानेच्या टाचेवर, जी जोडल्यावर दिसेनाशी होते, तेथे पेन्सिलीने आपली आद्याक्षरे व तारीख घाली. ॲबिगेल इबारा ह्या बाई १९५६ साली कामास लागल्या आणि पुढे कित्येक दशके पिकपची वेटोळी गुंडाळत राहिल्या. गोमेझने सही केली ती काही अमर होण्यासाठी नव्हे. कोणते काम कोणाच्या हातचे, ह्याची ती नोंद होती. आज मात्र जुन्या गिटारींचे शौकीन स्क्रू काढून मान उपसतात आणि ती पेन्सिलीची अक्षरे दिसली की हरखून जातात. ज्या अक्षरांबद्दल मजुराला एक पैसाही अधिक मिळाला नाही, ती अक्षरे आज वस्तूचा भाव वाढवतात. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमची गिटार १९६४ साली घडलेली. कडेला काळसर आणि मध्याकडे पिवळी होत जाणारी मावळतीची रंगछटा, मेपलची मान आणि मानेवर शिसवी पट्टी. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर ह्यांनी आपला कारखाना सीबीएस ह्या प्रचंड कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. त्यानंतर मालाची प्रत उतरली असे वादकांचे मत पडले, आणि म्हणून त्या आधीची प्रत्येक गिटार शौकिनांच्या लेखी मोलाची झाली. आता ह्या सीबीएस कंपनीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोलंबिया रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिकांची संस्थाही तिचीच. म्हणजे १९६५ साली बॉब डिलन ज्या कंपनीसाठी गात होता, तिनेच त्याच्या हातातील गिटारीचा कारखाना विकत घेतला होता. गळाही तिच्या करारात आणि वाद्यही तिच्या मालखात्यात!

डिलनचे नाव आले, तेव्हा आता त्याच्याकडे वळू. हा मुलगा १९४१ साली जन्मला आणि मिनेसोटा राज्यातील हिबिंग ह्या गावी वाढला. हिबिंग हे लोखंडाच्या खाणींचे गाव. खाण बंद पडली की गाव कसे ओस पडते, ह्यावर त्याने ‘नॉर्थ कंट्री ब्लूज’ हे गाणे रचले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे निग्रो जनतेचा जो प्रचंड मोर्चा निघाला आणि ज्यात मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे ते भाषण झाले, त्या मोर्चातही तो गायला. ह्या मोर्चाचे नावच ‘काम आणि स्वातंत्र्य’ ह्यांसाठी मोर्चा असे होते, आणि त्याचे नेते फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनगाड्यांवरील हमालांची युनियन उभारणारे आमच्याच पंथाचे गृहस्थ. तेव्हा ह्या तरुण गायकाकडे तिकडची चळवळीतली माणसे आपला शाहीर म्हणून पाहू लागली, ह्यात नवल नाही.

ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथे लोकसंगीताचा उत्सव भरे. १९६३ साली त्याची पुनर्रचना झाली, तीत पीट सीगर ह्यांचा मोठा वाटा होता. नियम असा केला, की गायक नामांकित असो वा अनाम असो, प्रत्येकास बिदागी पन्नास डॉलर आणि वर जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च. समान मजुरीचे तत्त्व संगीताच्या व्यासपीठावर इतक्या स्वच्छपणे अमलात आलेले आम्हांस दुसरे ठाऊक नाही. सीगर हे स्वतः १९४१ सालापासून युनियनच्या सभांत गाणारे. कम्युनिस्ट म्हणून त्यांची चौकशी झाली, संसदेच्या अवमानाबद्दल १९६१ साली त्यांस शिक्षा झाली आणि १९६२ साली ती वरच्या न्यायालयाने रद्द केली. आपल्याकडे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्या परंपरेशी सीगर ह्यांचे नाते सख्ख्या भावाचे आहे.

२५ जुलै १९६५ ह्या रविवारच्या रात्री ह्या व्यासपीठावर चोवीस वर्षांचा डिलन विजेची गिटार गळ्यात अडकवून आला. संगतीला माइक ब्लूमफील्ड ह्याची गिटार, अल कूपरचा ऑर्गन, आणि शिकागोचे जेरोम आर्नल्ड व सॅम ले. तीनच गाणी झाली. पहिले ‘मॅगीज फार्म’. नंतर ‘लाइक अ रोलिंग स्टोन’, ज्याची तबकडी पाचच दिवसांपूर्वी निघाली होती. श्रोत्यांतून आरडाओरड झाली. ती विजेच्या गिटारीविरुद्ध होती, आवाजाची जुळणी बिघडून शब्द ऐकू येत नव्हते म्हणून होती, की तीनच गाण्यांत आटोपले म्हणून होती, ह्यावर आजतागायत वाद आहे. सीगर ह्यांनी कुऱ्हाड घेऊन तार तोडली, अशी एक दंतकथा रूढ आहे. तसे घडले नाही. शब्द ऐकू येत नाहीत म्हणून आपण संतापलो आणि हाती कुऱ्हाड असती तर तार तोडली असती, असे त्यांनीच पुढे सांगितले. डिलन नंतर साधी गिटार घेऊन परत आला, दोन गाणी गायला आणि गेला. २०२४ साली ह्या प्रसंगावर एक मोठा चित्रपटही निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

रागावलेल्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लोकांचे वाद्य साधे असते आणि वीज म्हणजे बाजार. ह्या म्हणण्यात तथ्य किती? उत्सवात भाव समान ठेवणाऱ्या माणसांना बाजाराची भीती वाटावी, हे आम्ही समजू शकतो. पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. मडी वॉटर्स ह्या निग्रो गायकाची कथा पाहावी. १९४१ साली लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स मिसिसिपीतील स्टोव्हल ह्यांच्या मळ्यावर गेले आणि तेथे शेतमजुरी करणाऱ्या ह्या गायकाचे साधे गाणे त्यांनी सरकारी ग्रंथालयासाठी मुद्रित केले. दोन वर्षांनी मडी वॉटर्स मळा सोडून शिकागोस गेला. दिवसा कागदाच्या कारखान्यात राबायचे, मालमोटार हाकायची आणि रात्री दारूच्या गुत्त्यात गायचे. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राबलेल्या मजुरांच्या त्या गर्दीत साधी गिटार कोणास ऐकू येणार? म्हणून त्याने १९४४ च्या सुमारास विजेची गिटार घेतली. दक्षिणेचे लक्षावधी शेतमजूर उत्तरेच्या पोलाद गिरण्यांत व कत्तलखान्यांत आले, त्यांच्याबरोबर त्यांचे गाणे आले आणि शहरात येऊन त्याने आवाज चढवला. कोकणातून व घाटावरून गिरणगावात आलेल्या आपल्या माणसांबरोबर तमाशा, भजन व नमन मुंबईत आले, त्यातलाच हा प्रकार. न्यूपोर्टला डिलनच्या मागे उभे असलेले आर्नल्ड आणि ले हे त्याच शिकागोच्या गुत्त्यांत तयार झालेले वादक. त्याच उत्सवात शिकागोच्या ह्या मंडळींची ओळख करून देताना लोमॅक्स ह्यांनी त्यांस टोमणे मारले, आणि त्यावरून लोमॅक्स व डिलनचे व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन हे दोन प्रौढ गृहस्थ धुळीत लोळून हातघाईवर आले. मळ्यावरचा मजूर लोककलावंत आणि कारखान्यातला मजूर बाजारू, हा भेद आम्हांस मान्य नाही. वीज ही गिटारीत बाजाराने घातली त्याहून अधिक कामगाराच्या गरजेने घातली.

‘मॅगीज फार्म’ हे गाणेही ह्याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचे मूळ १९२९ साली मुद्रित झालेल्या एका कुळांच्या गाण्यात आहे, ज्यात जमीनदार कुळांस कसे नागवतो ह्याचे वर्णन येते. डिलनने त्याचे काम नाकारणाऱ्या गड्याचे गाणे केले. आता ह्यात तो जमीनदाराला नकार देतो, की चळवळीने आपल्यावर लादलेल्या भूमिकेला नकार देतो, ह्यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. आम्हांस दोन्ही अर्थ दिसतात. शाहीर हा चळवळीचा असतो, पण तो चळवळीचा गडी नसतो, हे ध्यानात न घेणाऱ्या संघटनांना शाहीर सोडून जातात. हा धडा अमेरिकेपुरताच आहे असे नाही.

उत्सव संपला आणि त्याच सुमारास गिटार नाहीशी झाली. डिलन त्या दिवसांत खाजगी विमानाने दौरे करी. त्या विमानात काही गिटारी राहून गेल्या. वैमानिकाने गायकाच्या कचेरीस कळवले, पण कोणी न्यायला आले नाही, असे त्याचे कुटुंब सांगते. वैमानिक वारला. काळ्या पेटीतली गिटार माळ्यावर पडून राहिली. पेटीवर ‘ॲशेस अँड सँड’ हे डिलनच्या कंपनीचे नाव रंगवलेले होते आणि आत हाताने व टंकयंत्राने लिहिलेले गाण्यांचे काही कागद होते. सत्तेचाळीस वर्षांनी, म्हणजे २०१२ साली, वैमानिकाच्या मुलीने ‘हिस्टरी डिटेक्टिव्ह्ज’ ह्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाकडे ती नेली.

येथून इतिहासाच्या अभ्यासकाला रस वाटेल असा भाग सुरू होतो. घरात सांगत आलेली गोष्ट हा पुरावा असतो, पण तो पुरेसा नसतो. पेटीवरचे नाव हा अधिक बळकट पुरावा, पण पेटी एकाची व वाद्य दुसऱ्याचे असू शकते. वाद्याचे वय १९६४ निघाले. तेही प्रतिकूल नव्हते, इतकेच. निर्णायक ठरली ती शिसवी पट्टी. प्रत्येक झाडाच्या लाकडाला रेषा असतात आणि त्या माणसाच्या बोटाच्या ठशासारख्या एकमेकींपासून वेगळ्या असतात. न्यूपोर्टच्या त्या रात्रीची रंगीत छायाचित्रे उपलब्ध होती. जुन्या वाद्यांच्या जाणकारांनी छायाचित्रांतील पट्टीच्या रेषा आणि हातातील पट्टीच्या रेषा ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या असा निर्वाळा दिला. कारखान्याने लाखो नग एकसारखे करावेत असा आटापिटा केला. पण झाड एकसारखे वाढत नाही, आणि साक्ष दिली ती झाडाने. आपल्या सह्याद्रीच्या रानातल्या शिसवीशीही ह्या धंद्याचा संबंध आहे. ब्राझीलच्या शिसवीची निर्यात अडली तेव्हा मार्टिन ह्या जुन्या गिटार कंपनीने १९६९ पासून हिंदुस्थानी शिसवी वापरण्यास आरंभ केला.

पुरावा लागला, पण मालकी लागली नाही. न्यूपोर्टला वाजवलेली गिटार आपल्याच अशिलाकडे आहे, आणि त्या काळात त्याच्या इतर काही गिटारी व गाण्यांचे कागद चोरीस गेले होते, असे डिलनच्या वकिलांनी जाहीर केले. इकडे वैमानिकाची मुलगी म्हणत होती, आम्ही चोरले नाही, आम्ही सांभाळले. टाकून दिलेली वस्तू, विसरलेली वस्तू आणि चोरलेली वस्तू ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकलेली वस्तू उचलणाऱ्याची होऊ शकते. विसरलेल्या वस्तूवरचा मूळ मालकाचा हक्क मात्र नुसत्या विसराळूपणाने सहसा संपत नाही. खटला चालला असता तर न्यायाधीशास अवघड गेले असते. पण तो चालला नाही. दोन्ही पक्षांत तडजोड झाली, तिच्या अटी गुप्त राहिल्या आणि विक्रीला वाट मोकळी झाली. तडजोडीचे कागद आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. त्यांवर सह्या झाल्या म्हणजे खरे कोण हे ठरते असे नाही. भांडण थांबते आणि काम सुरू होते.

अशा रीतीने गिटार लिलावास आली. तिच्या आधी २००४ साली एरिक क्लॅप्टन ह्याची ‘ब्लॅकी’ ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली होती. ब्लॅकीची गोष्ट आणखी गमतीची. क्लॅप्टनने १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून एक जुळवली. फेंडर ह्यांच्या स्क्रूच्या मानेचा हा प्रताप. तिच्या विक्रीचे पैसे व्यसनमुक्तीच्या केंद्राकडे गेले. २०१९ साली डेव्हिड गिल्मर ह्याने आपल्या गिटारी विकल्या, त्यांतल्या एका काळ्या स्ट्रॅटोकास्टरला ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. तो सारा पैसा हवामानरक्षणासाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेला दिला गेला. न्यूपोर्टची गिटार आणि ही काळी गिटार, दोन्ही जिम आयर्से ह्या एकाच धनिकाच्या संग्रहात गेल्या. हे गृहस्थ अमेरिकेतील एका फुटबॉल संघाचे मालक. २०२५ साली ते वारले. वस्तू तिजोरीत न कोंडता त्यांनी गावोगाव विनामूल्य प्रदर्शने भरवली, हे त्यांच्याविषयी सांगितलेच पाहिजे. मालक चांगला निघाला म्हणजे मालकीचा प्रश्न सुटतो असे नव्हे, पण चांगल्याला चांगले म्हणण्यास आमची हरकत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. १९५४ साली अडीचशे डॉलरना मिळणाऱ्या जातीच्या वाद्याचे साडेनऊ लाखांहून अधिक डॉलर झाले, म्हणजे तीन हजार आठशे पटींहून अधिक. अर्थशास्त्रात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असे दोन शब्द आहेत. वाजवण्याच्या उपयोगाने पाहिले तर ही गिटार तिच्या बहिणींहून काडीमात्र श्रेष्ठ नाही. तेव्हा वरचा सगळा पैसा त्या एका रात्रीचा आहे. कोणी म्हणेल, हा नुसता श्रीमंतांचा शौक. आम्ही तसे म्हणणार नाही. आळंदीहून आणि देहूहून दरवर्षी पालख्या निघतात, त्यांत पादुका असतात. त्यांस लाकूड किंवा धातू म्हणून कोणी पाहत नाही. ज्या वस्तूशी माणसांची आठवण जडली ती वस्तू निराळी होते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो वाईट नाही. फरक एवढाच, की पादुका लिलावात निघत नाहीत. पालखीपुढे ज्याला डोके ठेवायचे त्याला ते ठेवता येते.

आणि ती रात्र तरी कोणी घडवली? डिलनने, हे खरेच. पण फुलर्टनला मान घासणाऱ्याने, वेटोळे गुंडाळणारीने, गुत्त्यात विजेचे गाणे घडवणाऱ्या शिकागोच्या मजुरांनी, पन्नास डॉलरवर गाणाऱ्या इतर गायकांनी, ती छायाचित्रे घेणाऱ्याने, पेटी न विकता माळ्यावर ठेवणाऱ्या कुटुंबाने, आणि सर्वांत अधिक म्हणजे त्या मैदानात बसून ओरडणाऱ्या श्रोत्यांनीही. श्रोते गप्प बसले असते तर ती गिटार आज कोणास ठाऊक झाली असती? इतिहासाचे मोल अनेकांच्या श्रमांनी तयार होते. विक्रीच्या वेळी मात्र पावती एकाच्याच नावाने फाडली जाते. ह्यात डिलनवर वा त्या मुलीवर दोष ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. बाजाराची रीतच ती आहे. त्या रीतीला उतारा एकच. आठवणीच्या वस्तूंची नोंद जितकी पुरी, तितका त्यांवर सर्वांचा हक्क अधिक. गोमेझने पेन्सिलीने दोन अक्षरे काढली, म्हणून आज आम्ही त्याचे नाव आपल्यापुढे घेऊ शकलो. ज्यांनी काढली नाहीत ते बुडाले.

हा विचार आपल्या गावापर्यंत आणला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. पुढे गिरण्या मोडल्या, यंत्रे भंगारात गेली. त्या यंत्रांवर कोण उभे होते, कलापथकांच्या डफांवर कोणाचे हात पडत, सभेचे फलक कोणी रंगवले, हे कितीशा वस्तूंवर लिहिलेले सापडेल? आपल्या घरी जुना डफ असेल, टाळ असेल, गिरणीचा बिल्ला असेल, युनियनची पावती असेल, दिंडीची वीणा असेल. तिला बाजारात भाव येईल की नाही हा प्रश्न गौण आहे. ती रद्दीत देण्यापूर्वी मागच्या बाजूस तीन ओळी लिहाव्या : कोणाची, कोठली, कोणत्या सालची. शक्य तर गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी, म्हणजे ज्याला पाहायची त्याला ती पाहता येईल. न्यूपोर्टची गिटार ओळखण्यास झाडाच्या रेषा वाचणारे जाणकार लागले आणि वकिलांची फौज लागली. आपल्या वस्तूंसाठी पेन्सिलीचा एक तुकडा पुरेल. मात्र ती पेन्सिल, ज्यांना माहिती आहे ती माणसे असेतोच उचलली पाहिजे.